शेताचं पाणी नदीला भाड्याने द्यावं का? (ऑरेगॉन)

सांगलीकर:
मंडळी, ऑरेगॉनात सिस्टर्स गावाजवळ घर घेतलं, सोबत नऊ एकर. कागदपत्रांत पाण्याचा हक्कही आलाय, त्यावर तारीख 1902 ची! आधीचे मालक लसूणघास करायचे. आम्ही दोघंही नोकरीवाले, घास कोण कापणार? शेजारचे आजोबा म्हणाले, सलग पाच वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क गेला समजा. आणि एक नदीवाली संस्था म्हणते, पाणी नदीत राहू द्या, आम्ही भाडं देतो. पाणी न घेण्याचे पैसे? यात मेख कुठे आहे?

घासवाली:
मेख नाही, पण कागद नीट बघा. आम्ही याच खोऱ्यात आहोत आणि आमच्या खालच्या तुकड्याचं पाणी नदीलाच दिलंय.

इथे ज्याने आधी पाणी उचललं त्याचा नंबर आधी. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की वॉटरमास्टर, म्हणजे पाणीवाटप बघणारा सरकारी अधिकारी, सगळ्यांत नव्या तारखेवाल्यापासून एकेकाचं दार बंद करत येतो. म्हणून तुमचं 1902 म्हणजे सोनं. पण नुसतं दार बंद करून पाणी सोडलंत तर नदीला थेंब मिळायचा नाही. खालचा 1910 वाला पंप लावेल, आणि तो त्याचा हक्कच आहे. 1987 च्या कायद्याने ऑरेगॉनात पाणी नदीत वाहतं ठेवणं हाही रीतसर वापर ठरला. भाडेकरार मंजूर झाला की तुमची 1902 ची तारीख पाण्याबरोबर नदीत उतरते, ठरलेल्या टप्प्यापर्यंत 1910 वाल्याला हात लावता येत नाही. आणि ती वर्षं तुमच्या वापरात धरतात. करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, पुढे पुन्हा करता येतो.

तुमच्या गावातली व्हिचस क्रीक उन्हाळ्यात पार आटायची, सगळं पाणी पाटांत. जमीन ज्वालामुखीची, सच्छिद्र, त्यामुळे पाटातलंही बरंच मुरायचं. हक्क भाड्याने आणि विकत घेतले, पाटांच्या जागी पाइप घातले, तेव्हा ती वाहती झाली. 2007 पासून तिच्यात स्टीलहेड माशांची पिल्लं सोडायला लागले.

आधीच्या मालकांनी गेल्या पाच वर्षांत खरंच पाणी लावलं होतं का, ते आधी विचारा. पाणी इरिगेशन डिस्ट्रिक्टचं, म्हणजे पाटाचं पाणी पुरवणाऱ्या स्थानिक संस्थेचं, असेल तर त्यांची सही लागते. भाडं फार नसतं. आणि शेत जूनअखेर पिवळं पडतं, तण माजतं, त्याची तयारी ठेवा.

टेलवाला, नाशिक:
आमच्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था पाणी मोजून घेतात. नदीसाठी कोणी कोटा विकत घेतल्याचं इकडे ऐकलं नाही. पण कोलोरॅडोत क्राउली काउंटीत शहरांनी शेतकऱ्यांचे हक्क विकत घेतले आणि शेतं ओसाड पडली. उद्या नदीच्या नावाखाली तेच झालं तर?

घासवाली:
दादा, भीती रास्त आहे. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यात सरकारने पर्यावरणासाठी हक्क विकत घेतले, तेव्हा गावंच्या गावं भडकली होती. पाणी गेलं की ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आणि बियाणंवालाही दुकान आवरतो. म्हणूनच मी विकायच्या विरोधात आहे. भाड्यातही मला अर्ध्या हंगामाचं पटतं. वरच्या शेतात आम्ही जूनमध्ये घासाची पहिली कापणी घेतो आणि जुलैपासून पाणी नदीला. माशांचे खरे हाल तेव्हाच, पाणी उथळ आणि तापलेलं. नवरा म्हणतो दुसरी कापणी बुडाली. बुडाली तर बुडाली.

सांगलीकर:
ताई, एक राहिलं. पाटाच्या पाण्यावर भरणारं छोटं तळं आहे, बदकं येतात. त्याचं काय?

घासवाली:
तळ्याचा हक्क वेगळा लिहिलाय का बघा. सिंचनाच्याच हक्कावर भरत असेल, तर करार चालू असताना त्या हक्काचं पाणी तळ्यात घेता येणार नाही. वॉटरमास्टरच्या ऑफिसात हक्काच्या सर्टिफिकेटचा नंबर घेऊन जा आणि नकाशा मागा. तळं नकाशात आहे की नाही ते तिथेच कळेल.