स्वयंपाक, बाग, घर: नवी पुस्तकं घ्यावीत की नुसती चाळावीत?

कर्वेनगरची_माई
डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. तिथे स्वयंपाक, गच्चीवरची बाग आणि घराची आवराआवर या विषयांच्या टेबलांशी उभं राहायलाही जागा नसते. गुळगुळीत कागद, पानभर फोटो, वाटीच्या बाजूला मुद्दाम सांडलेले तीळ. माझं मत असं की यातली बरीचशी घेऊ नयेत. घ्यायचंच असेल तर एक बघा, पदार्थ बिघडला तर काय करायचं हे त्यात लिहिलंय का. चकलीचं पान उघडा. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरते, कमी पडलं की दाताला लागते, पीठ सैल झालं की काटे उमटत नाहीत. एवढं दिलं असेल तर पुस्तक पिशवीत टाका. नुसतंच ‘कुरकुरीत तळून घ्या’ असेल तर जागेवर ठेवून पुढे व्हा.

बागेच्या पुस्तकांचंही तेच. ‘सहा ते आठ तास ऊन हवं.’ अहो, कुठलं ऊन? डिसेंबरातलं कोवळं की एप्रिलमध्ये पश्चिमेच्या गॅलरीत येतं ते? पारा पस्तिशीच्या वर गेला की टोमॅटोची फुलं गळतात, कोथिंबीर चार पानांवर तुरा काढून मोकळी होते. हिरवी जाळी कधी बांधायची आणि कधी सोडायची, हे सांगणारं पुस्तक दाखवा, मी दोन प्रती घेते.

कसबेकर
नवं घ्यायचंच कशाला? १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि विषय संपला. सगळं वाटी-चमच्याच्या मापात. लग्न करून परमुलखात गेलेल्या मुलींनी त्यावर संसार केले. आमच्याकडच्या प्रतीचा पुठ्ठा दोनदा बदललाय, मजकूर बदलावा लागलेला नाही.

वाकडची_सून
@कसबेकर, ‘रुचिरा’ माझ्याकडेही आहे आणि तिचा मान आहेच. वाटीचं माप प्रमाणासाठी उत्तम: एक वाटी डाळीला एक वाटी गूळ, मग वाटी कुठलीही असो. पण बेकिंग सोड्याचा चमचा माझा वेगळा, तुमचा वेगळा, आणि त्या फरकात केक बसतो. तिथे ग्रॅमच लागतात. शिवाय आम्ही घरात दोघं. जुन्या पुस्तकातलं प्रमाण भरल्या घराचं. त्याला तीनाने भागलं की शिजायचा वेळ, पाणी, भांडं, सगळंच बदलतं. इंडक्शनवर गुळाचा पाक गॅससारखा वागत नाही. या गोष्टी नव्या पुस्तकांतच येणार ना? फोटो जास्त असतात हे मान्य, पण म्हणून सगळ्यांनाच झोडपू नका.

कसबेकर
तीनाने भागता येत नसेल तर पाककृतीचं नव्हे, गणिताचं पुस्तक घ्यावं.

वाकडची_सून
काका, एका अंड्याला तीनाने भागून दाखवा.

बालाघाटचा
तुम्ही सगळे ज्या स्वयंपाकघराबद्दल बोलताय ते एकच आहे. मी बीडचा, हल्ली हडपसरला. लहानपणी खाल्लेलं निम्मं या पुस्तकांत सापडत नाही. त्यामुळे मी शिफारस करेन शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ची. मराठीत २०१५ला आलं, २०२४ला इंग्रजीत गेलं आणि त्यानंतर इथल्या लोकांना कळलं, हा आपला नेहमीचा क्रम. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजायचं, कशात शिजायचं, काय मिळायचं नाही म्हणून काय केलं जायचं, ते त्यात आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर काम केलं होतं. तेही याच गावात झालं, कसब्यापासून फार लांब नाही.

कसबेकर
आदर आहे. पण धागा संध्याकाळी काय करायचं याचा आहे. स्वयंपाकाच्या पुस्तकात समाजशास्त्र आलं की भाजी करपते.

बालाघाटचा
करपत नाही. त्यात कृतीही आहेत, उघडून बघा. आणि कांदा-लसूण कुठल्या पदार्थात नको हे तुमची पुस्तकं सांगतात, ते काय रसायनशास्त्र आहे?

कर्वेनगरची_माई
@बालाघाटचा, हे माझ्या कसोटीला उतरतं. हाताशी सामान नसताना काय करायचं, हेच तर मी शोधते. @कसबेकर, आता भाजीवर झाकण ठेवा.

रील_बघतो
पुस्तकं कशाला पण? पीठ किती सैल हे फोटोत कळत नाही, व्हिडिओत कळतं. फुकट आहे. बागेचंही सगळं मिळतं.

गच्चीवरचा_इंजिनिअर
@रील_बघतो, बागेचं सगळं मिळतं, वजन सोडून. आणि हे नव्या पुस्तकांतही नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बहुतेकांत गच्चीवर विटांचे वाफे करून फूटभर माती भरलेली दाखवतात. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर जातं. म्हणजे फूटभर थराला चौरस मीटरमागे साडेचारशे-पाचशे किलो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आपल्या भारतीय मानकात जो वापराचा भार धरतात तो चौरस मीटरला साधारण दीडशे किलो. बाकी हिशेब तुम्हीच करा. त्यात वाफ्याखाली पाणी साचून वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्या मजल्यावरचे काका वर येतात, आणि ते बागेचं कौतुक करायला आलेले नसतात.

त्यामुळे माझी कसोटी: पुस्तकात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), सुका पाला, कंपोस्ट असं हलकं मिश्रण आणि कुंड्या तुळईच्या रेषेवर ठेवायचा सल्ला आहे का? नसेल तर ते जमिनीवरच्या बागेचं पुस्तक आहे, मुखपृष्ठावर गच्ची छापलेली.

वाकडची_सून
हे कुणीच सांगत नाही! आमच्या सोसायटीत भोपळ्याचे वाफे आहेत. आजच सेक्रेटरींना पाठवते.

रील_बघतो
वजनाचं मान्य. पण हेही कुणीतरी व्हिडिओत सांगेल की.

कर्वेनगरची_माई
सांगेल, आणि तुम्हाला हवं असेल तेव्हा सापडणार नाही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला की पीठभरल्या हातांनी मोबाईल चाळायचा का? पुस्तकाला मागे सूची असते. हल्ली काहींना तीही नसते म्हणा.

सदाशिवची_लेक
आवराआवरीच्या पुस्तकांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. त्यातलं जपानी धाटणीचं ‘नको ते टाका’ आपल्याकडे टिकत नाही, कारण माळ्यावरचं पुरणयंत्र वर्षातून एकदाच लागतं आणि त्या दिवशी लागतंच. त्यापेक्षा ओल्या कचऱ्याचं खत घरी कसं करायचं ते नीट शिकवणारं पुस्तक घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हाच सुका पाला पोत्यात भरून ठेवायचा, नाहीतर पावसाळ्यात ओल शोषायला पाला नसतो आणि खताच्या डब्यात अळ्या. महापालिका गांडूळखताला मिळकतकरात ५ टक्के सवलतही देते. सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलाची जोड असेल तर १०. पुस्तकाची किंमत निघते.

आणि घ्यायच्या आधी वाचा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८पासून आहे, पुणे मराठी ग्रंथालय १९११पासून. तिथून पाककृतीचं पुस्तक आणा आणि कुठल्या पानांवर तेलाचे डाग आहेत ते बघा. त्या कृती लोकांनी खरंच केल्या आहेत.

कसबेकर
डाग पाडून पुस्तक परत करणारे तुम्हीच का? ग्रंथालयाला कळवायला हवं.

सदाशिवची_लेक
कळवा. डाग अनारशांच्या पानावर आहे आणि अनारसे हसले नव्हते.