मदत हवी आहे: मायग्रेनसाठी मॅग्नेशियम घेतेय, १८ दिवस झाले, काहीच फरक नाही

अबोली_फोंडा
मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू करून १८ दिवस झाले आणि या आठवड्यात परत दोनदा डोकं उठलं. डाव्या डोळ्यामागून सुरू होतं, मानेपर्यंत उतरतं, उलटी झाल्याशिवाय सुटका नाही. काल पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराने फाटकाशी पोंपों भोंगा वाजवला आणि तो आवाज कवटीत खिळा ठोकल्यासारखा आत गेला. रोज त्याच्याकडून पोळ्या (कोंड्याचे पाव) घ्यायला मीच धावते. काल उशी कानावर दाबून पडून राहिले, मुलगा आदल्या दिवशीचा पाव चहात बुडवून शाळेत गेला.
एकीने मॅग्नेशियम सांगितलं, दुसरी म्हणते बी२ जीवनसत्त्व, तिसरा म्हणतो कोक्यूटेन, तीही दुकानात मिळणारी पूरक गोळीच. डॉक्टरांची रोजची गोळी मला नको, माझ्या बहिणीचं त्याने वजन वाढलं. यातलं नक्की कुठलं घेऊ, एवढंच सांगा. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली. घरात पंचवीस माणसं असतील, मला आडवं पडून चालणार नाही. कृपया लवकर सांगा.

खाजनकाठ
ताई, कुठलं मॅग्नेशियम? किती मिलिग्रॅम? महिन्यातून किती दिवस दुखतं? वय, बाकीची औषधं? यातलं काहीच लिहिलेलं नाहीत, मग कोण काय सांगणार?

पेडण्याची_काकी
बाय, बाटल्यांच्या मागे नको लागूस गो. सुंठ उगाळून कपाळाला लेप लाव आणि काळोख्या खोलीत पड. मी तीस वर्षं हेच करत आले.

डिचोलीकर
सरळ कोक्यूटेन घ्या. १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, जेवणाबरोबर. २००५ साली ४२ रुग्णांवर याच डोसची चाचणी झाली होती. जवळजवळ निम्म्या लोकांचे अटॅक अर्ध्यावर आले, औषध नसलेली नकली गोळी दिलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. मला चौथ्या महिन्यात गुण आला. महाग पडतं, पण माझं डोकं त्यानेच वाचवलं.

अबोली_फोंडा
वय ३९. बाटलीवर मॅग्नेशियम ग्लायसिनेट ५०० लिहिलंय, रोज एक घेते. मोठा अटॅक महिन्यातून सात-आठ वेळा.
दादा, चौथा महिना? मी चवथीचं विचारतेय हो.

औषधवाला_म्हापसा
बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. समोरचे ५०० हे बहुधा सगळ्या क्षाराचं वजन असतं. ग्लायसिनेटमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण १४ टक्के, म्हणजे तुमच्या पोटात रोज सत्तरच्या आसपास मिलिग्रॅम जातंय. मायग्रेनसाठी सांगतात ते प्रत्यक्ष मॅग्नेशियम, ४०० ते ६००. ऑक्साइडमध्ये ते ६० टक्के असतं आणि ते स्वस्तही आहे, पण अंगात कमी मुरतं आणि जुलाब जास्त होतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका.
बी२चं पण तसंच आहे. १९९८च्या चाचणीत रोज ४०० मिलिग्रॅम दिलं होतं. रुग्ण ५५, मुदत तीन महिने. बी२ घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांचा त्रास निम्म्याने उतरला, नकली गोळीवर १५ टक्क्यांचा. आपल्या काउंटरवरच्या साध्या बी कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूलमध्ये बी२ असतं १० मिलिग्रॅमच्या आसपास. लोक ती महिनाभर घेतात आणि मला येऊन सांगतात, बी२ने काही झालं नाही. (४०० घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, घाबरायचं नाही.)
यातलं काहीही तीन महिन्यांच्या आत तोलता येत नाही.

निवृत्त_मास्तर
डोळ्यांचा नंबर तपासून घ्यावा. माझ्या वर्गात एका मुलीचं डोकं सतत दुखे, चष्मा लागला आणि थांबलं. मुलांना फळ्यापासून दूर बसवू नये.

जुवारीपल्याड
या सगळ्यांत जोरदार आहे बटरबर या झाडाची गोळी, त्याचं नाव कोणी का घेत नाही? २०१२च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत पहिला दर्जा बटरबरला होता. मॅग्नेशियम आणि बी२ दुसऱ्या दर्जात, कोक्यूटेन त्याच्याही खाली. माझा भाऊ बाहेर असतो, तिथून मागवता येतं.

औषधवाला_म्हापसा
त्याच सूचना २०१५मध्ये मागे घेतल्या, आणि त्या बटरबरमुळेच. त्या झाडात यकृताला विषारी अल्कलॉइड असतात. ते काढून टाकल्याचा दावा करणाऱ्या गोळ्यांवरही लोकांची यकृतं बिघडल्याच्या नोंदी आहेत. कृपा करून हा सल्ला इथे देऊ नका.

जुवारीपल्याड
मी सहा महिने घेतलं, मला काही झालं नाही. अलोपॅथीच्या गोळ्यांनी यकृत बिघडत नाही का?

औषधवाला_म्हापसा
बिघडतं. म्हणून त्या गोळ्यांवर डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. भावाने पाठवलेल्या डबीवर कोण तपासणार?

सत्तरीचा_वारा
फोंड्यात पोदेर अजून सायकलवरून येतो? आमच्याकडे आता दुचाकीवर येतो आणि पोळी पूर्वीसारखी कोंड्याची लागत नाही. भट्टी लाकडाची आहे का तिथे?

डिचोलीकर
आमच्या वाड्यावर अजून लाकडाचीच आहे. पण पोळीचा आकार लहान झाला.

खाजनकाठ
पोळीचं नंतर बोलूया का? अबोलीताई, एका प्रश्नाचं उत्तर राहिलंय. दुखल्यावर काय घेता, आणि महिन्यात किती दिवस? दुसरं औषध चालू आहे का, तेही सांगा.

अबोली_फोंडा
थायरॉइडची गोळी आहे, पाच वर्षांपासून. सकाळी उठल्यावर घेते, मॅग्नेशियमही तिच्याबरोबरच टाकते म्हणजे विसरत नाही. दुखल्यावर डोकेदुखीची साधी गोळी, दुकानात मिळते ती. सगळेच घेतात म्हणून लिहिली नाही. दिवस मोजले नाहीत. दुखेल असं वाटलं तरी एक घेऊन टाकते, बँकेत काउंटरवर बसून डोकं धरता येत नाही.

औषधवाला_म्हापसा
थायरॉइड आणि मॅग्नेशियम आजच वेगळं करा! मॅग्नेशियम त्या गोळीला आतड्यात अडवतं. मध्ये चार तास हवेत. मॅग्नेशियम रात्री जेवल्यावर घ्या. डॉक्टरांना सांगून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या, १८ दिवस ती गोळी नीट लागू झाली नसेल.

खाजनकाठ
मला याचीच भीती होती. ताई, मी पण बाटलीपासूनच सुरुवात केली होती. मॅग्नेशियम, बी२, दोन्ही सहा महिने. गुण शून्य. शेवटी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) न्यूरोलॉजीच्या ओपीडीत गेले. डॉक्टरांनी आधी विचारलं ते हेच, वेदनाशामक किती दिवस. घरी येऊन खणातल्या रिकाम्या पट्ट्या खाटेवर मांडल्या आणि मोजल्या. एका महिन्यात २२ दिवस.
कॅफिन वगैरे मिसळलेल्या गोळ्या महिन्यात १० दिवस किंवा त्याहून जास्त, साधं पॅरासिटामॉल १५ दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की ती गोळीच डोकं दुखवायला लागते. अशा वेळी वरून कितीही मॅग्नेशियम ओता, सहसा लागत नाही. माझ्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. पहिले दहा-बारा दिवस फार वाईट गेले, ते लपवत नाही. नंतर महिन्याचे चार अटॅक राहिले, आणि मग तेच बी२ कामाला आलं असं मला वाटतं.
रोजच्या औषधाचं म्हणाल तर सगळ्यांनी वजन वाढत नाही. फ्लुनारिझिन आणि अमिट्रिप्टिलिनने वाढू शकतं, टोपिरामेटने उलट घटतं. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत. बहिणीला कुठलं दिलं होतं ते विचारा आणि डॉक्टरांना ते नाव सांगा. दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्या रेषा येत असतील आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर तेही लपवू नका, त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि कधी बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हात गळाला, तर इथे न लिहिता तडक बांबोळी.

डिचोलीकर
पण कोक्यूटेन निरुपयोगी आहे असं तर नाही ना? उगाच घाबरवू नका.

खाजनकाठ
तसं मी म्हटलंच नाही. आधी पट्ट्या मोजा म्हणतेय.

पेडण्याची_काकी
चवथीचं सांगते गो. चवथीच्या आदल्या दिवशीचा तयेचा (हरतालिकेचा) उपास करू नकोस यंदा. माझं डोकं दर वर्षी तयेलाच उठायचं, रिकामं पोट आणि वर दिवसभर चुलीचा धूर. डॉक्टरने सांगितल्यावर पेज घ्यायला लागले. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला पोरांना लाव. घुमटं वाजतील तेव्हा मागल्या दारी बस, देव रागावत नाही.

अबोली_फोंडा
काल रात्री मोजलं. पट्ट्या मी टाकून देते, म्हणून यूपीआयचे हिशेब काढून बघितले. दहाची पट्टी, गेल्या महिन्यात तीन. नवऱ्याने एखाददुसरी घेतली असेल. दोन घेतल्या असे दिवस वजा करून १७ ते १९ दिवस येतात. पट्टीच्या मागे पॅरासिटामॉलबरोबर कॅफिन लिहिलंय, मी ते आजवर वाचलंच नव्हतं. आणि असं दोन वर्षं तरी चाललंय.
रेषा येत नाहीत, दुसरी कुठली गोळी नाही. मॅग्नेशियम रात्रीवर नेलं. बांबोळीला मंगळवारी जाणार, बँकेतून रजा टाकली. खाजनकाठ, पहिले दहा-बारा दिवस वाईट जातात म्हणालात, ते चवथीतच येतील. डॉक्टरांना विचारून नंतर बंद करू का?
तयेचं सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी उठले तर पोळ्या त्यांनीच आणून ठेवल्या होत्या.

खाजनकाठ
तारीख डॉक्टरांनाच ठरवू दे, पण चवथ कधी आहे ते त्यांना नक्की सांगा. मधल्या दिवसांसाठी त्यांनी मला वेगळं औषध दिलं होतं. तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखल्याची एक खूण आणि गोळीची वेगळी खूण करत जा. ते पान तसंच घेऊन जा, माझे डॉक्टर आधी तेच बघतात.

सत्तरीचा_वारा
भट्टी लाकडाची का ते राहिलंच.

अबोली_फोंडा
लाकडाची आहे. पोळी अजून कोंड्याचीच मिळते.