शब्दचर्चा : ख्रिस्ती अर्थाने ‘मुक्ती’, ‘तारण’ की ‘सुटका’?

म्हापसेकर : बायबलमधल्या आत्मिक स्वातंत्र्यावर मराठीत लिहायचे तर शब्द कोणता घ्यावा? मराठी बायबलात योहान 8:32 ला ‘बंधमुक्त’ आहे, गलतीकरांस 5:1 मध्ये ‘स्वातंत्र्य’, इफिसकरांस 2:8 मध्ये ‘तारण’, लूक 4:18 मध्ये ‘सुटका’. गोव्यात ‘मुक्ती’ म्हटले की आधी 19 डिसेंबर 1961, पोर्तुगीज राजवटीतून सुटल्याचा दिवस, आठवतो आणि कीर्तन ऐकणाऱ्याला मोक्ष. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? कोकणी प्रार्थनेत येशूसाठी येणारा ‘सोडवणदार’ मराठीत कसा आणावा?

रायतूरचा वाचक : एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

‘तारण’ म्हणजे बुडणाऱ्याला वर काढणे, तारणे. पण बाजारात त्याचा दुसरा अर्थ जोरात आहे : सोने तारण कर्ज. म्हणून बायबल न वाचलेल्या माणसासाठी लिहिताना तो नुसता टाकू नये, ‘पापापासून तारण’ असे पूर्ण लिहावे. क्रियापदही जपावे. तारण ‘होते’ किंवा ‘मिळते’. ‘तारण घेतले’ म्हटले की वाचक थेट पतसंस्थेत जातो.

या शब्दाचा काळ फार महत्त्वाचा आहे. इफिसकरांस 2:8 म्हणते, तारण झालेले आहे, तेही कृपेने, विश्वासाच्या द्वारे. 1 करिंथकरांस 1:18 मध्ये मूळ ग्रीक रूप चालू काळाचे आहे, तारण होत असलेले लोक. रोमकरांस 5:9 मध्ये तेच क्रियापद भविष्यात जाते. झालेले, होत असलेले, होणारे, तिन्ही खरे. नुसते ‘झाले’ धरले तर माणूस निर्धास्त होतो, नुसते ‘होईल’ धरले तर आयुष्यभर धाकात राहतो. उपदेशात बहुतेक गोंधळ इथेच होतो.

फोंडेकर : मग ‘मोक्ष’ का नको? फादर थॉमस स्टीफन्सनी तर स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले.

रायतूरचा वाचक : खरे आहे. 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापलेल्या त्यांच्या क्रिस्तपुराणात, म्हणजे बायबलची कथा सांगणाऱ्या मराठी काव्यात, ओवी आणि वैकुंठ दोन्ही आहेत. ऐकणाऱ्याच्या कानावर रुळलेला शब्द उचलून त्यात नवा अर्थ भरायचा, हे धाडस मला फार मोलाचे वाटते. पण त्यांच्याकडे अर्थ भरायला हजारो ओव्यांची जागा होती. तुमच्या-माझ्या दोन परिच्छेदांत ‘मोक्ष’ जुनाच अर्थ घेऊन येतो : जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. रोमकरांस 8:23 मध्ये पौल शरीराच्या मुक्तीची वाट पाहतो, शरीरापासून मुक्तीची नव्हे. त्याआधी दोनच वचने, 8:21 मध्ये, अख्खी सृष्टी नाशाच्या दास्यातून सुटणार असे म्हटले आहे. ‘ची’ आणि ‘पासून’ यांत सगळा फरक आहे. ‘मुक्ती’ चालेल, पण कशापासून आणि कोणी दिलेली, ते त्याच वाक्यात यायला हवे.

मडगावची वाचक : ‘सोडवणदार’बद्दल. मराठीत आपण गहाण सोडवतो, अडकलेले सोडवून आणतो. हीच छटा मुळात आहे. लेवीय 25:25 प्रमाणे भाऊबंद गरिबीने जमीन विकून बसला तर जवळच्या नातेवाइकाने ती सोडवून घ्यायची. त्या नातेवाइकासाठी हिब्रूत ‘गोएल’ शब्द आहे आणि यशया संदेष्टा तोच देवासाठी वापरतो. म्हणजे सोडवणारा परका नाही, घरचा आहे, आणि किंमत तो स्वतः मोजतो. मराठीत ‘मुक्तिदाता’ रुळला आहे, पण त्यात दाता दिसतो, नाते दिसत नाही. मी ‘सोडवणारा’ लिहीन.

तसाच सावध राहण्याचा शब्द ‘खंडणी’. मार्क 10:45 ला मराठी बायबलात तो आहे. खंडणी म्हणजे खंडून, ठरवून दिलेली रक्कम. आजच्या वर्तमानपत्रात मात्र ती धमकावून उकळलेली असते. ‘सुटकेसाठी भरलेली किंमत’ असे फोडून लिहिले तर बरे.

आणि ‘सुटका’. लूक 4:18 मधल्या बंदिवानांच्या सुटकेसाठी ग्रीक शब्द आहे ‘आफेसिस’. पापांची क्षमा म्हणताना लूक हाच शब्द वापरतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात पन्नासाव्या, योबेल वर्षाच्या सुटकेलाही तोच. म्हणजे क्षमा ही नुसती मनाची समजूत नव्हे; दाराची कडी काढणे आहे. मराठीत एका शब्दात हे मावत नाही, म्हणून ‘क्षमा’ आणि ‘सुटका’ जवळजवळ ठेवावेत.

फोंडेकर : कोकणीत क्षमेला ‘भोगसणें’ म्हणतात ना?

मडगावची वाचक : हो, आणि मराठी माणूस तिथे हमखास फसतो. ‘पातकां भोगसणें’ म्हणजे पातके माफ करणे. मराठी ‘भोगणे’ धरून वाचले तर अर्थ नेमका उलटतो.

कुमसारातही, म्हणजे कॅथलिकांच्या पापकबुलीच्या संस्कारातही, नेमका शब्दच उपयोगी पडतो. क्रम असा : सदसद्विवेकाची तपासणी, खरा पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, पाद्रीपुढे कबुली, सांगितलेले प्रायश्चित्त. बिघडते ते कबुलीत. ‘माझा स्वभाव रागीट आहे’ ही कबुली नव्हे, ती तक्रार आहे. काय केले आणि गंभीर पाप असेल तर किती वेळा, हे सांगायचे असते. चोरलेले परत करण्याचे कर्तव्य क्षमेनंतरही उरते. प्रोटेस्टंट बांधव कबुली थेट देवापुढे करतात, 1 योहान 1:9 च्या आधाराने. मोघमपणा तिथेही तितकाच आड येतो.

म्हापसेकर : मग योहान 8:32 एकटे उद्धृत केले तर?

रायतूरचा वाचक : अर्धे राहते, बाब. ‘सत्य तुम्हांला बंधमुक्त करील’ हे वाक्य कुठल्याही भिंतीवर शोभते, पण येशूने घातलेली त्याची अट वचन 31 मध्ये आहे : माझ्या वचनात राहिलात तर. 31 ते 36 सलग वाचा. ऐकणारे लगेच म्हणतात, आम्ही कधी कोणाचे दास नव्हतो. उत्तर येते, पाप करणारा पापाचा दास. पुढे दास आणि पुत्र यांतला फरक : दास घरात कायम राहत नाही, पुत्र राहतो. म्हणजे इथे ‘बंधमुक्त’चा अर्थ मोकाट नव्हे, घरात हक्काने राहणारा असा आहे. म्हणूनच गलतीकरांस 5:13 मध्ये स्वातंत्र्यासाठी बोलावलेल्यांना पौल प्रीतीने एकमेकांचे दास व्हायला सांगतो.

लेखात मी असे लिहीन : पापाच्या दास्यातून ‘सुटका’, त्यासाठी किंमत भरणारा ‘सोडवणारा’, या साऱ्या कार्याला ‘तारण’, आणि त्यानंतरच्या रोजच्या जगण्याला ‘स्वातंत्र्य’. ‘बंधमुक्त’ योहानाचे वचन देताना तसाच ठेवा, बदलू नका.