त्सुनामी ‘आत शिरली’ की ‘वर चढली’? आणि उधाण म्हणजे काय?

प्रश्न (दादर): मुलांसाठी भूगोलाचा मजकूर मराठीत करते आहे. ‘त्सुनामी ४० मीटर आत आली’ आणि ‘५ किलोमीटर चढली’ अशी दोन्ही वाक्यं हाती आली आहेत. दोन्ही खटकतात. शिवाय त्सुनामीला ‘महाउधाण’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर (वेसावे): उधाण नको, ताई. आमच्याकडे उधाण म्हणजे पुनवेच्या-आवसेच्या सुमाराची मोठी भरती, आणि अष्टमीच्या सुमाराला येते ती भांगाची, म्हणजे लहान भरती. दोन्ही तिथीवरून सांगता येतात. त्सुनामीला तिथी नसते. समुद्राचा तळ हलला किंवा पाण्यात दरड कोसळली की ती निघते. मात्र ‘त्सुनामी ऐन उधाणावर आली’ हे वाक्य बरोबर आहे, आणि तसं झालं तर पाणी जास्तच आत येणार.

उत्तर (परळ): तुमची दोन वाक्यं दोन वेगळ्या मापांची आहेत. उंचीला ‘चढणे’, किनाऱ्यापासूनच्या अंतराला ‘आत शिरणे’. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये अरुंद दऱ्यांत पाणी सुमारे ४० मीटर उंचीपर्यंत चढलं. सेंदाईच्या सपाट भातशेतीत ते एवढं चढलं नाही, पण सुमारे ५ किलोमीटर आत शिरलं. १९५८ मध्ये अलास्कातल्या लितुया खाडीत दरड कोसळली आणि पाणी समोरच्या डोंगरावर ५२४ मीटर चढलं, तरी ते शेकडो किलोमीटर आत गेलं नाही. लाट केवढी हे सांगून भागत नाही, पुढे जमीन कशी आहे तेही सांगावं लागतं. म्हणून मजकुरात कुठे ‘महाकाय त्सुनामी’ असेल तर ‘महाकाय’ हे विशेषण मी तरी काढून टाकेन. त्याने काहीच कळत नाही.

प्रश्न (दादर): आणि नदीतून गेलं तर? २०११ ला जपानच्या किताकामी नदीत जवळपास ४९ किलोमीटरपर्यंत त्सुनामीचा परिणाम दिसला होता. तिथे ‘वर चढलं’ लिहिलं तर मुलं उंचीच समजतील.

उत्तर (परळ): ‘मुखातून उलटं आत गेलं’ असं लिहा. मुंबईच्या मुलांना ते चटकन समजेल, भरतीचं पाणी माहीमच्या खाडीतून मिठीत शिरताना त्यांनी पाहिलेलं असतं. इथलंच उदाहरण हवं असेल तर २८ नोव्हेंबर १९४५ घ्या. आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या, उंची सुमारे २ मीटर.

उत्तर (वेसावे): अजून एक. काही ठिकाणी लाटेआधी समुद्र मागे जातो, त्याला ‘ओहोटी’ लिहू नका. ओहोटीला आम्ही खडकांवर कालवं काढायला उतरतो. मुलं तो शब्द वाचून तेच समजतील. २००४ च्या त्सुनामीत बऱ्याच किनाऱ्यांवर लोक उघड्या पडलेल्या तळावर चालत गेले होते. ‘समुद्र अचानक हटला’ असं लिहा, आणि पुढच्याच वाक्यात ‘लगेच उंचावर पळा’.