३२ व्या वर्षी मास्तरकी सोडून ट्रकवर जावं का?

कोरडवाहू
मी दारव्हा तालुक्यातला. डी.एड. झालेला, टीईटी पास, भरतीची वाट पाहता पाहता कानावरचे केस पांढरे व्हायला लागले. सध्या एका खासगी शाळेत शिकवतो. पगार ९ हजार, उन्हाळ्याच्या सुट्टीत तोही नाही. घरी ५ एकर कोरडवाहू, कपाशी अन् सोयाबीन. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, आमचं व्यापाऱ्याकडे त्याच्या बरंच खाली गेलं. घरात आई, बायको, लहान मुलगी.

चुलतभाऊ नागपूरच्या वाडीतून लाइनची, म्हणजे लांब पल्ल्याची गाडी चालवतो. तो म्हणतो, ये, वर्षभरात तुला तयार करतो. ट्रॅक्टर मी शाळकरी वयापासून चालवतो, चारचाकीचं लायसन जुनं आहे. माझं मन जवळजवळ झालं आहे. मास्तरकीत मान आहे म्हणतात, पण त्या मानावर किराणावाला उधारी देत नाही.

विरोधात असाल तर खुशाल बोला. फक्त ‘एवढं शिकून ट्रक चालवणार का’ हे सोडून बोला. ते घरी रोज ऐकतो.

मागच्या बाकावरचा
एवढं शिकून ट्रक चालवणार का?

माफ करा सर, राहवलं नाही.

जुना डायवर
मास्तर, माही अर्धी उमर लाइनवर गेली. आता गुडघ्यानं जवाब देल्ला म्हनून घरी बसलो हावो. आयकून घ्या. गाडी चालवनं हे डायवरच्या कामातलं सगळ्यात सोपं काम हाय. अवघड हाय ते थांबनं. सिमेंट भराले गेलं का कारखान्याच्या भायेर नंबर लावून पडा. नंबर रातच्या दोनले लागते का सकाळी दहाले, कोनी सांगत नाही, म्हनून झोपता येत नाही. मंग माल भरला का लगेच निंघा, काहून का माल पोचवाची वेळ शेठनं पार्टीले आधीच देऊन ठेवली रायते. दिवसभर जागलेला मानूस रातभर स्टेरिंगवर. आठ घंट्याची ड्युटी कायद्यात १९६१ पासून लिहून हाय म्हनते. म्या तं ते आठ घंटे कोन्या मालकाकडे पाह्यले नाही.

अन् ट्रॅक्टरचं सांगू नोका. दहाचाकी भरली का गाडीसकट साडेअठ्ठावीस टन. तळेगावचा सत्याग्रही घाट तुमी एसटीत बसून पाह्यला असन. थो उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसला का लायनर तापते, मंग पाय दाबून दाबून मेला तरी गाडी थांबत नाही. ज्या गेरात गाडी चढन, त्याच गेरात उतरवाची. हे पुस्तकात वाचून येत नाही, बाजूले कोनी बसून शिव्या देते तवा येते.

नोको येऊ. नऊ हजार कमी हाय, पन रातच्याले घरी झोपता.

दोन गाड्यावाला
काकांचा मान ठेवून सांगतो, हे सगळं खरं आहे, पण बरंचसं त्यांच्या काळातलं. माझ्या दोन दहाचाकी आहेत. त्यातली एक सध्या दारात उभी आहे, डायवर नाही म्हणून. गाडी उभी राहते, हप्ता उभा राहत नाही. नवीन गाडी घ्यायची तर ३५-४० लाखांच्या घरात जाते, आणि ती कोणाच्या हातात द्यायची याचीच रात्री झोप लागत नाही.

लाइनच्या डायवरला मी महिना २० हजार देतो, वर रोजचा भत्ता. ठरलेल्या अॅव्हरेजच्या वर डिझेल वाचवलं तर अर्धे पैसे त्याचे. टोलला रोकड देणं फास्टॅगनं संपवलं, मालासोबतचा कागद, ई-वे बिल, मोबाइलवर येतं. नव्या बीएस-६ गाडीत डिझेलसोबत धूर स्वच्छ करणारं डीईएफ भरावं लागतं, ते संपलं की गाडीची ताकदच कमी होते. समोर लाल दिवा लागला तर तो कशाचा हे वाचून समजणारा माणूस मला हवा आहे. मास्तर, तुमच्यासारखाच.

आणि समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून मुंबईकडे पूर्ण सुरू झाला, ७०१ किलोमीटर. तुम्हाला तर कारंज्याला चढता येईल. पहिल्यासारखे गावागावातले स्पीडब्रेकर मोजत जायचे दिवस गेले.

जुना डायवर
शेठ, डिझेल वाचलं तं अर्धे डायवरचे, हे लिहिलं. कमी पडलं तं पुरे डायवरच्या पगारातून, हे काहून नाही लिहिलं?

दोन गाड्यावाला
कापतो. लपवत नाही. पण घाटाची फेरी असेल, जाम लागला असेल, तर सोडतो. रस्त्यात डिझेल विकणारे पण याच धंद्यात आहेत काका, तुम्हाला माहीत आहे.

जुना डायवर
हाय माहीत. रातीचा दूध-रोटीचा भत्ता नाही भेटला का मानूस कुठून काढन, हेही तुमाले माहीत हाय. अन् समृद्धीचं बोलले म्हनून सांगतो. ट्रकले तिथं ८० ची लिमिट. सरळ रस्ता, ना वळन, ना चहाची टपरी, ना कोनी मानूस. अशा रस्त्यावर डोळे उघडे ठेवून झोप लागते. आमाले जुन्या रस्त्यावरचे खड्डेच जागे ठेवत होते बाप्पा. सिमेंटचा रस्ता उन्हात तापते, तिथं घासलेला टायर घेऊन चढनं म्हनजे मरन. टायर कोन बदलून देते तेवढं मास्तरनं आधी इचारून घ्याव.

वाडीचा बिल्टीवाला
मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या फाडतो, रोज पन्नास डायवरांशी बोलतो. भावनेत जाण्याआधी कागद पाहा सर.

हेवीसाठी चारचाकीचं लायसन किमान १ वर्ष जुनं लागतं, वय २० पूर्ण. ते तुमचं झालं. मग डॉक्टरचं सर्टिफिकेट, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, आरटीओची टेस्ट. हे लायसन ५ वर्षं चालतं. गॅस-रसायनाच्या टँकरवर जायचं असेल तर वेगळं ट्रेनिंग, आणि तो शेरा ३ वर्षांनी नवा करावा लागतो. आधी आठवी पासची अट होती, २०१९ ला तीही काढली. म्हणजे तुमचं डी.एड. तिथे कोणी विचारणार नाही, वाईट वाटून घेऊ नका.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. लायसन मिळालं म्हणून कोणी दुसऱ्या दिवशी ४० लाखांची गाडी हातात देत नाही. वर-वरचं बोलणं राहू द्या, आधी किन्नर, म्हणजे डायवरचा मदतनीस म्हणून बसावं लागतं. ताडपत्री बांधायची, रस्सा ओढायचा, हवा बघायची, गाडी मागे घेताना खाली उतरून ‘आने दो, आने दो’ ओरडायचं. तुमचा भाऊ आहे तोवर ठीक. तो दुसऱ्या गाडीवर गेला तर तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरगा तुमचा उस्ताद असणार, आणि तो तुम्हाला ‘ए किन्नर’ म्हणणार. काल वर्गात पोरं उभी राहून नमस्ते म्हणत होती. ते जमेल का, ते आधी ठरवा. चालवणं जमेल यात मला शंका नाही.

एक मधला रस्ता सांगतो. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगून टाकलं की साध्या चारचाकीच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालाची गाडी चालवता येते, वेगळा शेरा नको. म्हणजे पिकअप, छोटा हत्ती तुम्ही आजही चालवू शकता. शनिवार-रविवार एखाद्याची पिकअप चालवून बघा, भाजी अमरावतीला टाका. शाळा सोडायची घाई कशाला?

कोरडवाहू
किन्नरकीबद्दल बोललात ते मनाला लागलं, पण उत्तर आहे. शाळेत मी सहीला एक आकडा पाहतो आणि हातात दुसरा घेतो. त्याहून ताडपत्री बांधणं हलकं काम आहे असं मला तरी वाटत नाही.

पिकअपचं बघतो.

फळ्यासमोरची
मी पण डी.एड., मी पण खासगीत. भाऊ, तुमचा राग समजतो, पण हिशोब चुकतोय. शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये ६ हजारांवरून १६ हजार झालं, आणि तीन वर्षांनी पूर्ण वेतनश्रेणी. एकदा नंबर लागला की आयुष्य मार्गी. ट्रकवर गेलात तर अभ्यास संपला, सलग दोन तास पुस्तक हातात येणार नाही. बाहेर पडणं सोपं आहे, परत येणं नाही.

कोरडवाहू
ताई, नंबर लागला की. या ‘की’वरच तर इतकी वर्षं काढली.

मागच्या बाकावरचा
सर, आता गंमत नाही. माझा मामा मोर्शीचा, संत्र्याचे ट्रक भरतो. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की दिल्ली, कोलकात्याच्या गाड्या रातोरात काढतात, कारण माल थांबत नाही. उशीर झाला, पेटीतून पाणी सुटलं, तर व्यापारी भाड्यातून कापतो आणि मालक डायवरकडे बघतो. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं तेव्हा शेतकरी मेला हे पेपरात आलं. तिकडच्या फेऱ्या कमी झाल्या म्हणून किती डायवर घरी बसले, ते कोणी छापलं नाही. शेतीच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून ट्रकवर जाणार असाल, तर ट्रकमध्ये पण शेतीच भरलेली असते.

वणीवाली
सगळे पुरुषच बोलत आहेत म्हणून लिहिते. माझे मिस्टर आधी लाइनवर होते, आता चार वर्षांपासून कोळशाच्या लोकल गाडीवर आहेत, खाणीतून रेल्वेच्या सायडिंगला. लाइनवर होते तेव्हा पैसा जास्त होता. मुलगा झाला तेव्हा ते ओरिसात होते. सासूबाई गेल्या तेव्हा गाडी भरून रस्त्यात होती, ती सोडून येता येत नव्हतं, अग्नी दिराने दिला. पैसे हातात येतात ते उचलीने आधीच खर्च झालेले असतात. मालकाकडे उचल असली की काम सोडता पण येत नाही, हे इथे कोणी लिहिलं नाही.

लोकलमध्ये खेपेवर पैसे. कमी, पण माणूस घरी येतो. काळा येतो, खोकत येतो, पण येतो. वहिनींना विचारलं का तुम्ही? धाग्यात त्यांचं नाव फक्त घरातल्या माणसांच्या यादीत दिसलं.

मी विरोधात नाही भाऊ. जा. पण लाइन नको, लोकल बघा. आमच्याकडे, चंद्रपूरकडे, कोळसा-सिमेंटमुळे लोकलचं काम असतं. फक्त छातीचा फोटो वर्षातून एकदा काढत जा.

कोरडवाहू
ताई, विचारलं. ती म्हणाली, ‘आत्ता तुम्ही घरी असता तरी कुठे घरी असता.’ काय समजायचं ते समजलो.

तारीख पे तारीख
अपघाताबद्दल कोणीच बोललं नाही. मी कोर्टात या केसेस पाहतो. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर जुन्या कायद्यात २ वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ५ वर्षांपर्यंत. पळून गेला आणि कळवलं नाही तर १० वर्षं, हे जे कलम १०६(२) आहे, त्याच्याविरुद्धच जानेवारी २०२४ मध्ये डायवर संपावर गेले होते. आठवत असेल, आपल्याकडेही पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. सरकारनं ते उपकलम लागू केलं नाही. पण ५ वर्षांचं आहेच. मोटारसायकलवाला चुकीच्या बाजूनं आला तरी गुन्हा आधी मोठ्या गाडीवर नोंदवला जातो, हा माझा रोजचा अनुभव. विमा नुकसानभरपाई देतो, जेलमध्ये विमा कंपनी जात नाही.

जुना डायवर
वकीलसाहेब, गाडीपाशी थांबलं तं पब्लिक मारते. पळालं तं कायदा मारते. सांगा कुठं उभं रावं?

तारीख पे तारीख
काका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये जखमीला मदत करणं डायवरचं कर्तव्य सांगितलं आहे, पण जमाव खवळला असेल तर सूट आहे. तिथून निघा आणि थेट जवळच्या ठाण्यात जाऊन बसा, ११२ ला फोन लावा, त्या फोनची नोंद राहते. मास्तरांनी दुसरं काही नाही तर हे पाठ करावं.

दोन गाड्यावाला
एवढं घाबरवाल तर या देशात मीठ पण पोचणार नाही. मास्तर, माझं बोलणं उघड आहे. ६ महिने गाडीवर शिका, जेवण माझं, महिन्याला १० हजार देतो. तुमच्या शाळेपेक्षा हजाराने जास्तच झालं. नंतर गाडी तुमची. नवीन गाडीला केबिन एसी आहे, १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकना ती कायद्यानंच लागते.

जुना डायवर
एसी लावला तं डिझेल जाते. ते कोनाच्या अॅव्हरेजमधी धरता?

दोन गाड्यावाला
मे महिन्यात माझ्या. बाकी महिन्यांत काच खाली करा.

फळ्यासमोरची
१० हजारात किन्नर ठेवताय आणि उपकार केल्यासारखं बोलताय. हे तर आमच्या संस्थाचालकासारखंच झालं.

दोन गाड्यावाला
ताई, संस्थाचालक १० वर्षांनी पण ९ हजारच देतो. माझ्याकडे ६ महिन्यांनी दुप्पट होतात. फरक तिथे आहे.

कोरडवाहू
सगळ्यांचं वाचलं. काकांचं दोनदा वाचलं. ठरवलं असं, की मार्चपर्यंत शाळा सोडायची नाही, कारण पोरांचं वर्ष मधे सोडणं बरं नाही. तोवर सुट्टीच्या दिवशी पिकअप, आणि सोबत हेवीचं लायसन. लोकल मिळालं तर वणी, नाही तर शेठ तुमच्याकडे येऊन बोलतो.

शेठ, एकच विचारायचं राहिलं. दसरा-दिवाळीत सोयाबीन सवंगणीला अन् कापूस वेचायच्या दिवसांत घरी मजूर मिळत नाही. तेव्हा पंधरा दिवस सुट्टी मिळेल का?

दोन गाड्यावाला
मास्तर, तेव्हाच तर भाडं असतं.