तारे मोजायचे का अंतर? बोलेरोवाल्यांना अडाणी म्हणणाऱ्यांना उत्तर

कापूसकोंड्या:
परवा टॉर्कबहाद्दर यांनी लिहिलं, "खेड्यातला माणूस अजूनही बोलेरोच घेतो, कारण त्याला गाडीतलं कळत नाही. अपघात चाचणीतले सुरक्षेचे तारे, एअरबॅग, फीचर हे त्याला कोणीतरी शिकवायला पाहिजे." दोन ओळींत उत्तर देऊन सोडणार होतो. पण रात्री झोपच लागली नाही, म्हणून आता सगळंच ऐका.

गाव दारव्हा तालुक्यातलं. २०२३च्या दसऱ्याला मीही शिकलेल्या माणसासारखी गाडी घेतली. मोठा टचस्क्रीन, सनरूफ, सहा एअरबॅग. बापू म्हणत होते, "बोलेरो घे." मी म्हटलं, "बापू, जमाना बदलला." जानेवारीत कापूस घरात आला, त्याच्यामागं उंदीर आले, आणि एका सकाळी गाडी सुरूच होईना. स्क्रीनवर झाडावर दिवे लावल्यासारखे सगळे लाल-पिवळे दिवे. गाडी टोचन करून यवतमाळला नेली, ५२ किलोमीटर. तिथं सांगितलं, वायर जोडून देता येत नाही, आख्खं हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा जुडगाच बदलावा लागेल, माल नागपूरहून येईल. ३४ हजार रुपये आणि ११ दिवस. वॉरंटीत उंदीर बसत नाही म्हणे.

आमच्या २००९च्या बोलेरोची वायर उंदरानं तीनदा खाल्ली. तिन्ही वेळा गावातल्या मिस्त्रीनं टेप गुंडाळली, दोनशे रुपये घेतले, वर चहा पाजला तो वेगळा. म्हणून सांगतो, आम्ही गाडी घेताना तारे नाही, अंतर मोजतो. दुरुस्त करणारा माणूस किती किलोमीटरवर आहे हेच आमचं फीचर.

सनरूफचं तर बोलूच नका. मे महिन्यात ४५ डिग्रीत छताला काच पाहिजे असं कोणत्या शहाण्याला वाटलं? आजवर एकदाच उघडलं, भाच्याच्या वरातीत. पोट्टे डोकं बाहेर काढून नाचले आणि त्याचं रबर फाडून बसले.

टॉर्कबहाद्दर:
मी पुण्यात असलो तरी मूळ मोर्शीचा, घरी संत्र्याची बाग आहे, तेव्हा मला शहरी माणूस समजू नका.

उंदरानं वायर खाल्ली हा कंपनीचा गुन्हा कसा? आणि बोलेरो २००० साली आली. पंचवीस वर्षं तीच पेटी विकली जातेय आणि आपण त्याला "विश्वास" म्हणतो. बोलेरो निओला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं, पाचपैकी एक तारा दिला. नेक्सॉनला २०१८ मध्येच पाच मिळाले, डिझायरलाही २०२४ मध्ये पाच. पाच तारे म्हणजे आता श्रीमंतांचे चोचले नाहीत, डिझायर तुमच्या तालुक्यात टॅक्सीला चालते.

कापूसकोंड्या:
निओ वेगळी, जुनी बोलेरो वेगळी. मी जुनीचं बोलतोय.

टॉर्कबहाद्दर:
मग जुनीचा निकाल दाखवा ना. पोरगं परीक्षेलाच बसलं नाही, आणि बाप सांगतो नापास झालं नाही!

जुनाडिझेल:
बापा, तुमी दोघंई पोट्टे हात. म्या बावीस वर्सं कायी-पिवयी चालवली, आर्णी ते दिग्रस. मांगं आठ, मंधात चार, पुढं चार आन् मी अर्धा दाराच्या भाईर. थ्या टायमाले एअरबॅग मंजे बाईच्या मांडीवरचं पोट्टं. मजाक नाई करून रायलो, खरंच तसंच होतं. पण यक सांगतो, पावसायात पांदणीत बोलेरोई फसते. मांगची चाकं ओढतेत आन् मांग वजन नाई, तं जागीच नाचते. आमी मांग दोन पोते टाकत होतो. कोनी सांगत नाई हे.

धामणगाववाली:
गाडीचं सोडा, ती विकणाऱ्यांचं बोला. मी शाळेत शिक्षिका, स्वतःच्या पगारातून गाडी घेतली, गेल्या वर्षी. शोरूममध्ये पाऊल टाकलं तसा पहिला प्रश्न, "मॅडम, सर मागून येताहेत का?" मी म्हटलं, सर शेतात फवारणी करताहेत, त्यांना क्लच कोणता हेही माहीत नाही. तरी चाचणी फेरीला त्या पोरानं किल्ली माझ्यासोबत आलेल्या पुतण्याच्या हातात दिली. पुतण्या अकरावीत!

मग कोटेशन. विमा ४१ हजार. बाहेर तोच विमा, तेच कव्हर, २७ हजार. विमा कुठूनही घ्यायचा हक्क ग्राहकाचा आहे हे सांगितलं, तर म्हणे "मग डिलिव्हरी दिवाळीनंतर बघू." त्याच्यावर १८ हजारांचं "बेसिक किट" सक्तीचं. किटमध्ये काय? चिखलपट्ट्या, पायपोस आणि गणपती. गणपती काय किमतीला पडला ते विचारायची हिंमत झाली नाही.

शोरूमातला:
सहा वर्षं विक्रीत होतो, आता सोडलंय, म्हणून बोलतो. ताई, तुमचं सगळं खरं आहे. पण मालकाची बाजूही ऐका. गाडीवर मार्जिन फार पातळ, आणि कंपनी महिनाअखेरीस माल ढकलते, हवा असो नसो. २०२४च्या दसरा-दिवाळीच्या तोंडावर डीलरांच्या संघटनेनं, फाडानं, सांगितलं होतं की ८० ते ८५ दिवस विकायला पुरेल एवढा माल पडून आहे, जवळपास ७९ हजार कोटींचा. त्या सगळ्या मालावर डीलर बँकेला व्याज भरतो. मग कमाई कुठून? विमा, किट, कर्जाचं कमिशन.

धामणगाववाली:
म्हणजे कंपनीनं तुम्हाला लुबाडलं, म्हणून तुम्ही मला. बरोबर हिशेब आहे.

शोरूमातला:
बरोबर नाही, पण हिशेब तोच आहे. आणि "सर येताहेत का" हे आम्हाला शिकवलं जायचं, हेही कबूल करतो.

अंगारा ३४:
मूळ प्रश्नावर येतो. चंद्रपूरचा आहे, दोन वर्षं ईव्ही, म्हणजे विजेवरची गाडी चालवतोय. तेल नाही, गिअर नाही, क्लच नाही, तुमच्या मिस्त्रीची गरजच नाही. रात्री घरच्या १५ अँपिअरच्या प्लगला लावायची, सकाळी भरलेली. उन्हाळ्यात गाडी बंद ठेवूनही एसी चालतो, हे सुख ४६ डिग्रीत राहणाऱ्यालाच कळेल. काळाबरोबर चला.

कापूसकोंड्या:
आमच्या गावात रात्री लाईट किती तास असते हे विचारलं का? आणि तुमच्या ईव्हीतली वायर उंदराला कडू लागते का?

अंगारा ३४:
...नाही. पावसाळ्यात एकदा खाल्ली. हाय व्होल्टेजची नारिंगी केबल नाही, साधी सेन्सरची. पण गाडी हललीच नाही, नागपूरला ट्रकवर घालून न्यावी लागली, दीडशे किलोमीटर.

कापूसकोंड्या:
आता बोला.

मिस्त्रीचा पोरगा:
उंदराचा विषय निघालाच आहे तर, आमच्या गॅरेजला थंडीत दहातल्या तीन गाड्या ह्याच कारणानं येतात. खरं कारण ऐका. आताच्या वायरीचं कव्हर सोयाबीनपासून बनवतात, म्हणून उंदीर खातात. पूर्वी शुद्ध प्लास्टिक होतं.

टॉर्कबहाद्दर:
झालं सुरू. अमेरिकेत ह्यावर खटले झाले, पण उंदीर सोयाबीनच्या वासानं येतो हे काही सिद्ध झालेलं नाही. उंदराचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. २००९च्या बोलेरोची वायर तीनदा खाल्ली असं कापूसकोंड्याच म्हणतात, तिच्यात कुठलं आलं सोयाबीन?

कापूसकोंड्या:
ह्या एका मुद्द्यावर टॉर्कबहाद्दर बरोबर आहेत, लिहून ठेवा, परत येणार नाही. पण सोयाबीनचं असेल तर बरंच म्हणायचं. २०२५-२६चा हमीभाव ५३२८, मी विकलं ४१००नं. उंदरानं तरी पूर्ण किंमत वसूल केली.

धामणगाववाली:
उपाय सांगा कोणी. डांबराच्या गोळ्या ठेवून पाहिल्या, आठ दिवस शाळेत माझ्याच साडीला वास.

जुनाडिझेल:
तंबाकूची पानं. जर्दा नाई, पानं. पुडक्यात बांधून बॅटरीजवय ठेवाचे.

मिस्त्रीचा पोरगा:
काका, तुमच्याच गाडीतली पानं उंदरानं ओढून घरटं केलं होतं, मीच काढलं. बोनेट रात्री उघडं ठेवा, आत बल्ब लावा. उंदराला उजेड नको असतो.

अंगारा ३४:
अमेरिकेत होंडा मिरचीचा अंश असलेली टेप विकते, वायरीला गुंडाळायची. इथं आपण भिवापुरी मिरची नुसती उधळत बसलोय!

शोरूमातला:
टेप लावण्याआधी विमा तपासा. उंदराचं नुकसान काही कंपन्या देतात, काही फाटे फोडतात. गाडी टोचन करण्याआधी फोटो काढा आणि आधी विमा कंपनीला फोन करा. आमच्याकडं निम्मे लोक दुरुस्ती झाल्यावर विचारायचे.

कापूसकोंड्या:
हे मला ३४ हजार भरायच्या आधी सांगितलं असतं तर तुमचा फोटो देव्हाऱ्यात ठेवला असता.

टॉर्कबहाद्दर:
धागा उंदरांच्या घशात गेला आहे. मी माझं शेवटचं बोलतो.

मी तारे तारे का करतो ते आधी लिहिलं नव्हतं, कारण ते इथं लिहायचं नव्हतं. माझा मामेभाऊ दिवाळीत रात्री गावाकडं येत होता, जुनी गाडी, एअरबॅग नाही. समोर कापसाची ट्रॉली, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टरही नाही. गाडी दुरुस्त झाली. तुमच्यासारख्याच एका मिस्त्रीनं, दीड लाखात. भाऊ नाही झाला. त्यामुळं "मिस्त्री किती किलोमीटरवर" हे मोजताना दवाखाना किती किलोमीटरवर हेही मोजा.

कापूसकोंड्या:
वाईट झालं भाऊ. ह्याच्यावर वाद नाही.

फक्त एवढंच, "त्याला गाडीतलं कळत नाही" असं लिहिण्यापेक्षा हेच आधी लिहिलं असतं तर मी रात्रभर जागलो नसतो. आमच्याही ट्रॉलीला मागं काही नाही. उद्या दारव्ह्याहून लाल रेडियम आणतो. आणि हो, नवी गाडी मी विकलेली नाही, बायको-पोरं त्यातच जातात. बोलेरो शेतासाठी.

टॉर्कबहाद्दर:
म्हणजे तारे मोजता तर. लपून मोजता.

कापूसकोंड्या:
घरच्यांसाठी मोजतो, माझ्यासाठी अंतर. आणि जीएसटी कमी झाल्यावर, २२ सप्टेंबर २०२५ नंतर, बोलेरोची किंमत सव्वा लाखाच्या आसपास कमी झाली, तेव्हा तुमच्याच चाकणच्या मित्रानं घेतली हे तुम्हीच मागं लिहिलं होतं. ते सोयीनं विसरलात.

टॉर्कबहाद्दर:
त्याचं सासर पार गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंच्याला आहे. तो अपवाद आहे.

जुनाडिझेल:
अरे सारे सोडा, यक मांजर पाया. उंदीर फिरकत नाई.

कापूसकोंड्या:
पाळली काका, मागच्याच महिन्यात. उंदीर खरंच गेले. आता तीच इंजिनावर झोपते, गरम असतं ना. रोज सकाळी तीनदा बोनेट वाजवून ती बाहेर आलेली पाहतो, मगच सेल मारतो. काल दोन पिल्लं घातली. आता कालपासून गाडी जागेवरच आहे.