बाबांची शुगर ९.१ आणि वजन ४७ किलो, वाढवायचं तरी कसं?

कऱ्हाडची_लेक:
नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या. माझे बाबा ६१ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. उंची ५ फूट ५ इंच. पाच वर्षांपूर्वी शुगर निघाली तेव्हा वजन ५८ होतं, म्हणजे आधीपासून सडपातळच, पोट वगैरे कधीच नव्हतं. गेल्या दिवाळीत ५३ आणि परवा काट्यावर उभं केलं तर ४७.५! मला तर रडूच आलं.

शुगर खाली यावी म्हणून त्यांनी आधी भात सोडला, मग चपाती सोडली, मग गल्लीतल्या सगळ्यांचं बघून दोनच वेळा जेवायचं सुरू केलं. ज्यांची पोटं सुटलीत त्यांना त्याचा फायदा झालाही असेल, पण बाबांच्या अंगावर होतंच काय उतरायला? सकाळी कारल्याचा रस, मेथीचं पाणी, मग सहा-सात किलोमीटर चालणं, दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी, रात्री अर्धी भाकरी. एवढं करून रिपोर्ट काय तर उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २६२, एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट ९.१. गोळ्या मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि फेब्रुवारीपासून डॅपाग्लिफ्लोझिन.

त्यांचं ते ड्युटीवरचं स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ आहे, हात वर केला की थेट कोपरापर्यंत घसरतं, मागच्या महिन्यात पट्ट्याच्या दोन कड्या काढून आणल्या तरी परत सैल. आई म्हणते डिंकाचे लाडू घाल, केळी दे, शेजारचे म्हणतात वजन वाढवायची पावडर आण. खायला घालावं तर शुगर वाढते, नाही घालावं तर माणूस वाळत चाललाय. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

रंकाळ्याचा_काका:
पोरी, तुझं वाचून माझाच मागचा काळ आठवला म्हणून लगेच लिहायला बसलो. माझं पण असंच, ६२ वरून ५१ वर आलो होतो, लोक रस्त्यात थांबवून विचारायचे काय हो काय झालं. मी पण खाणं कमी कमी करत गेलो कारण डोक्यात एकच बसलेलं की खाल्लं म्हणून शुगर वाढते. नंतर एका दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं की तुमचं खाणं कमी पडतंय हे खरंच आहे पण त्याच्याही आधी जे खाताय तेच अंगाला लागत नाहीये. इन्सुलिन कमी पडलं की साखर रक्तातच फिरत राहते, पेशीत जात नाही, जास्तीची लघवीवाटे निघून जाते आणि शरीर मग स्वतःची चरबी आणि मांस जाळून दिवस काढतं. म्हणजे घरात धान्याची पोती भरलेली पण कुलपाची किल्ली हरवलेली.

बाबांचं खाणं इतकं कमी आहे, तीन-तीन गोळ्या चालू आहेत आणि तरी ९.१, मला तरी हा प्रश्न पथ्याचा वाटत नाही, त्यांचं स्वतःचं इन्सुलिनच कमी पडतंय असं वाटतं. सी-पेप्टाइड नावाची रक्ताची टेस्ट असते, त्यात स्वादुपिंड किती इन्सुलिन बनवतंय याचा अंदाज येतो. त्यासोबत गॅड अँटीबॉडीबद्दल पण विचार, मोठ्या वयात हळूहळू येणारा टाईप १ सारखा प्रकार असतो तो त्यात कळतो. मला इन्सुलिन म्हटल्यावर मी दोन महिने टाळाटाळ केली, वाटायचं हे म्हणजे आता शेवटचं. तेवढ्या दोन महिन्यांत अजून तीन किलो गेले, त्याचं आजही वाईट वाटतं. शेवटी रात्री १० युनिटवर सुरू केलं, सुई इतकी बारीक असते की पोटाला टोचलेलं कळत पण नाही. सात महिन्यांत ५७.५ किलो झालो, आणि त्या काळात मी पहिल्यापेक्षा जास्त खात होतो, कमी नाही.

आजी_आजोबा_आहार:
मी नाशिकला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. काकांनी मुळावर बोट ठेवलंय, त्यात दोन-तीन गोष्टी घालते.

पहिली ती डॅपाग्लिफ्लोझिन. ही गोळी काम काय करते तर साखर लघवीतून बाहेर काढते, शुगर असलेल्या माणसात दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम. म्हणजे अडीचशे-तीनशे कॅलरीज, आपल्या भाषेत रोजची दीड भाकरी लघवीतून चालली. जाड माणसाला, हार्ट किंवा किडनीचा त्रास असलेल्याला ती फार उपयोगाची आहे पण ४७ किलोच्या माणसाला ती हवी का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मनाने बंद करू नका हां, कशासाठी दिलीय ते आपल्याला माहीत नसतं. आणि ही गोळी चालू असताना कधी उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं झालं तर शुगर फार वाढलेली दिसली नाही तरी लगेच हॉस्पिटल गाठा, ज्यांचं इन्सुलिन कमी पडतंय त्यांच्या रक्तात किटोन्स, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, धोकादायक वाढू शकतात.

दुसरी गोष्ट, वजन एवढं उतरलंय तर बाकी कारणं पण तपासून घ्यायला हवीत, सगळं शुगरवर ढकलू नका. थायरॉइड, आणि टीबी. शुगर असलेल्यांना टीबीचा धोका दोन ते तीन पट असतो, खोकला असो नसो डॉक्टरांना विचारा, सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. शौचाला तेलकट, चिकट होतं का, पाठीत-पोटात दुखतं का हे बाबांना लाजू नका म्हणावं आणि विचारावं, कारण स्वादुपिंडाच्या आजारात पण शुगर आणि वजन दोन्ही बिघडतं, तसं वाटलं तर सोनोग्राफी किंवा सीटी करायला लावतात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ताची टेस्ट, बघितल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे तर बी१२ पण बघून घ्या, आणि त्या गोळीने भूक पण मरते काहीजणांची.

आता खाणं. हे सगळं नॉर्मल असेल असं धरून सांगते. दोन वेळा जेवणं आजच थांबवा, तीन जेवणं आणि मधे दोनदा थोडं काहीतरी. ग्लिमेपिराइड घेऊन माणूस उपाशी राहतोय हे तर मला सगळ्यात जास्त खटकलं, शुगर ७० च्या खाली गेली आणि दरदरून घाम, थरथर झाली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी परत मोजा, हे आईंना शिकवून ठेवा.

वाढवायचं ते प्रोटीन आणि चांगलं तेल. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे १७० कॅलरीज, दोन अंडी १५०, भाजीवर दोन चमचे कच्चं शेंगतेल ९०. झाले चारशे, आणि साखरेवर यांचा परिणाम अगदी थोडा. तुमच्या भागात दाण्याचं कूट तर प्रत्येक भाजीत पडतं, ते दुप्पट करा. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, तीळ हे रोज ताटात हवंच. मोड आलेल्या मटकीची उसळ, पिठलं, कुळथाचं शेंगोळं, पनीर, घट्ट दही. प्रोटीन दिवसाला ५० ते ५५ ग्रॅम जमलं पाहिजे, पालेभाजी आणि भाकरीवर ते होत नाही. भाकरी बंद नाही करायची, वेळेला एक ते दीड, फक्त आधी उसळ-भाजी खायची आणि भाकरी नंतर सुरू करायची, त्याने जेवणानंतरची उसळी कमी होते. ज्वारीची भाकरी शुगर वाढवत नाही असं बरेच जण धरून चालतात, तसं नाही, ती पण वाढवतेच, मोजून खायची. तूप पण वाट्टेल तेवढं नको, शुगरच्या माणसाला हार्टची काळजी असतेच. कारल्याचा रस मात्र बंद करा, त्याने काही विशेष होत नाही.

मालवणी_माणूस:
नॉनव्हेज खात असतील तर बांगडा, तारली सोडू नका, स्वस्त आणि तेलाचा मासा. आमच्या वडिलांना आम्ही रोज एक तरी मासा आणि सुकटीची चटणी द्यायचो. मासा तळताना रव्यात फार घोळवू नका एवढंच.

पुणे३०_वाचक:
त्या पावडरीबद्दल कळकळीने सांगतो, आणू नका. माझ्या मोठ्या भावाला आम्ही मेडिकलमधून वजन वाढवायची पावडर आणून दिली, डब्यावर व्यायाम करणाऱ्याचा फोटो, आम्हाला वाटलं प्रोटीनच असेल. चार दिवसांनी जेवणानंतर ३८४! मग डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली तर पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन, ते साखरेइतकंच झटकन चढतं. डिंकाच्या लाडवात गूळ असतो आणि गूळ म्हणजे साखरच, केळ्याच्या शेकचं पण तेच.

दुसरं, बारीक माणसाला शुगर कशी असं तुम्हाला वाटत असेल तर यावर आमच्या पुण्यातच मोठं काम झालंय. इथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटनमधल्या एका सहकारी डॉक्टरचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच २२.३, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के आणि त्या गोऱ्या डॉक्टरच्या ९.१. म्हणजे आपण भारतीय वरून बारीक दिसतो पण आत मांस कमी आणि चरबी जास्त. म्हणून काट्यावरचा आकडा वाढला एवढ्यावर खूश होऊ नका, सोबत कंबर मोजत जा. दंड-मांड्या भरल्या पाहिजेत, पोट नाही.

त्यासाठी ते सात किलोमीटर चालणं कमी करा. प्रत्येक जेवणानंतर १०-१५ मिनिटं पुरे. आणि स्नायूंचा व्यायाम हवा, खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठायचं-बसायचं, असं तीनदा, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायच्या. एक दिवसाआड. स्नायू वाढले की तेच साखर ओढून घेतात, शुगरला पण फायदा. फक्त आधी डॉक्टरांना विचारा, आणि शुगर २५०-३०० च्या वर असताना जोर लावू नका.

कऱ्हाडची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार, पाच आठवड्यांनी येतेय. तुमचे मुद्दे वहीत लिहून घेऊन साताऱ्याला मधुमेहाच्या डॉक्टरांकडे गेलो. सी-पेप्टाइड कमीच आलं, काका तुमचं खरं ठरलं. गॅड निगेटिव्ह, थायरॉइड नॉर्मल, छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी स्वच्छ, सोनोग्राफीत काही नाही. क्रिएटिनिन ०.९. बी१२ मात्र फारच कमी, त्याची इंजेक्शनं चालू केलीत. डॅपाग्लिफ्लोझिन बंद केली आणि रात्रीचं इन्सुलिन सुरू, ८ युनिटपासून, आता १२ वर आलंय.

बाबा पहिल्या दिवशी पेन हातात घेऊन अर्धा तास नुसते बसले होते. मी काकांचं लिहिलेलं त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, दोन महिने टाळलं आणि तीन किलो गेले ते. काही बोलले नाहीत, शर्ट वर केला आणि टोचून घेतलं.

आता उपाशीपोटी ११८ ते १३०, जेवणानंतर १७० च्या आसपास. वजन ४९.२. कंबर मोजतेय, तेवढीच आहे. आईने दाण्याच्या कुटाचा मोठा डबा केलाय, सकाळी दोन अंडी, चारला शेंगदाणे नाहीतर भाजलेले फुटाणे, रात्री झोपताना कपभर दूध बिनसाखरेचं. परवा बाबा म्हणाले, लई दिवसांनी दुपारी भूक लागल्यासारखं वाटलं. त्या घड्याळाच्या काढलेल्या कड्या आईने जपून ठेवल्यात.

एक विचारायचं होतं, गावाकडे पावसात लाईट दोन-दोन दिवस येत नाही, फ्रिज बंद पडला तर इन्सुलिनचं काय करायचं?

रंकाळ्याचा_काका:
फार बरं वाटलं वाचून. बाबांना माझा नमस्कार सांग. जे पेन चालू आहे त्याला फ्रिज लागतच नाही, उन्हात न ठेवता घरातल्या गार जागी साधारण २८ दिवस चालतं, नक्की किती ते त्याच्या कागदावर बघ. न उघडलेली फ्रिजमध्ये ठेवायची पण फ्रीजरमध्ये कधीच नाही, एकदा गोठलं की फेकूनच द्यायचं. लाईट गेली तर पेनं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव आणि तो डबा मातीच्या माठात, माठात पाणी थोडंच, डब्यात अजिबात शिरता कामा नये, बाहेरून ओलं फडकं गुंडाळ. आम्ही दोन उन्हाळे असंच काढले.

कऱ्हाडची_लेक:
हे माहीतच नव्हतं काका. माळ्यावर जुना माठ आहे, आजच उतरवून घेते. शर्करेचे पुढचे रिपोर्ट दिवाळीच्या सुमारास करायचेत, तेव्हा इथेच टाकते.